टेकडीच्या पायथ्याची संरक्षक भिंत, खचलेला अंतर्गत रस्ता आणि निचरा : भूतांत्रिक अहवालातील कोणत्या शिफारशी गाळता येतील?

पायथ्याशी_भांडुप यांचा प्रश्न

नमस्कार. आमची गृहनिर्माण संस्था भांडुप पश्चिमेला टेकडीच्या पायथ्याशी आहे. भूखंड सुमारे ३,००० चौरस मीटरचा असून तो पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरत जातो. मागच्या, म्हणजे टेकडीच्या बाजूला काळ्या दगडाची जुनी संरक्षक भिंत आहे. तिची उंची जमिनीपासून सुमारे चार मीटर भरते. पुढच्या बाजूला अडीच मीटर उंचीची दुसरी भिंत आहे आणि तिच्या मागे भराव टाकून इमारतीभोवतीचा अंतर्गत रस्ता केलेला आहे.

मागच्या भिंतीला मधल्या भागात पोट आले आहे आणि दोन ठिकाणी सांध्यांतून पिंपळाची रोपे वर आली आहेत. काही वर्षांपूर्वी आवाराच्या रंगकामात कंत्राटदाराने भिंतीच्या दर्शनी बाजूला सिमेंटचा गिलावा केला आणि त्यात पाणी बाहेर पडण्याची भोकेही बुजवून टाकली. पुढच्या रस्त्यावरचे पेव्हर ब्लॉक चाकांच्या पट्ट्यांत आणि भिंतीलगत खचले आहेत. चेंबरची झाकणे मात्र जागच्या जागी राहिल्यामुळे ती आता रस्त्याच्या बोटभर वर दिसतात.

दोन्ही कामे पावसाळ्यापूर्वी करून घेण्याचे सर्वसाधारण सभेत ठरले आहे. त्यासाठी आम्ही मे महिन्यात तीन बोअर घेऊन मातीची तपासणी करून घेतली. अहवालाचा सारांश असा आहे : रस्त्याखाली सव्वा मीटरपर्यंत विटांचे तुकडे, प्लास्टिक आणि मुरूम यांचा मिश्र भराव आहे, त्याखाली पिवळट तपकिरी चिकणमाती, मग मुरूम आणि नंतर झिजलेला बेसाल्ट आहे. चिकणमातीचा भिजवलेल्या नमुन्यावरील सीबीआर (भार पेलण्याच्या क्षमतेचा निर्देशांक) ३ टक्के आणि मुक्त फुगवण निर्देशांक (पाण्यात माती किती फुगते त्याचे माप) ५८ टक्के आला आहे. सहा मीटरपर्यंत पाणी लागले नाही, अशीही नोंद आहे.

शिफारशींमध्ये मागच्या बाजूला आरसीसी भिंत, तिच्यामागे खडीचा निचरा थर, जिओटेक्स्टाइल कापड (पाणी सोडणारे, पण माती अडवणारे) आणि तळाशी भोकांचा पाइप सांगितला आहे. रस्त्यासाठी एक मीटरहून अधिक खोदून ५०० मिलिमीटर निवडक मुरूम, २०० मिलिमीटर जीएसबी (खडी-मुरमाचा खालचा थर), २५० मिलिमीटर डब्ल्यूएमएम (पाणी घालून कालवलेल्या खडीचा दाबलेला थर) आणि त्यावर ८० मिलिमीटरचे पेव्हर ब्लॉक असे थर आहेत. आमच्याकडे दोन अंदाजपत्रके आली आहेत. पहिले अहवालाप्रमाणे आहे. दुसरे जवळपास एक तृतीयांशाने स्वस्त आहे, परंतु त्यात निचरा थर, कापड आणि पाइप गाळून केवळ भिंतीला भोके ठेवली आहेत आणि रस्त्याखाली ‘२३० मिलिमीटर रबल सोलिंग’ (हाताने रचलेल्या मोठ्या दगडांचा थर) एवढेच लिहिले आहे. कंत्राटदाराचे म्हणणे असे की, बोअरमध्ये पाणीच लागले नसेल तर निचऱ्यावर एवढा खर्च कशासाठी करायचा? सभासदांनाही ते पटू लागले आहे. धोका न पत्करता यांतील नेमके काय कमी करता येईल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

नमुना_नळी यांचे उत्तर

कंत्राटदाराचा प्रश्न रास्त आहे, पण त्याने ज्या नोंदीचा आधार घेतला आहे ती नोंद मे महिन्यातली आहे. टेकडीच्या पायथ्याला मे महिन्यात सहा मीटरपर्यंत पाणी न लागणे अगदी स्वाभाविक आहे. तोच बोअर ऑगस्टमध्ये घेतला असता तर चिकणमाती आणि मुरमाच्या सीमेवर किंवा मुरूम आणि खडक यांच्या सीमेवर पाणी वाहताना दिसण्याची शक्यता मोठी होती. मुंबईच्या टेकड्या दख्खनच्या बेसाल्टच्या आहेत. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले असल्याने दोन थरांमध्ये कोठे कोठे लाल बोलची, म्हणजे लाल मातीसारखी, मऊ पट्टी सापडते, तर कोठे टफ (ज्वालामुखीच्या राखेचा खडक) किंवा ब्रेशिया (तुकड्यांचा जोडखडक) लागतो. वरच्या भेगाळ खडकातून उतरलेले पाणी अशा पट्टीवर येऊन अडते आणि उताराच्या दिशेने आडवे निघते. भूजलपातळी खोल असली तरी भिंतीच्या पाठीशी चार महिने पाणी उभे राहू शकते, ते या कारणाने.

आता आकडे पाहू, कारण सभेत ‘अहवाल सांगतो म्हणून’ एवढे पुरत नाही. चार मीटर उंचीची भिंत, मागे मुरमाचा भराव, त्याचे वजन घनमीटरला १.८ टन आणि अंतर्गत घर्षण कोन ३० अंश धरला, तर माती भिंतीला दर मीटर लांबीमागे सुमारे ४.८ टन जोराने ढकलते. तोच भराव माथ्यापर्यंत पाण्याने भरला, तर पाण्यात बुडाल्यामुळे मातीचा स्वतःचा जोर २.७ टनांपर्यंत उतरतो, परंतु पाण्याचा ८ टन त्यात मिळतो आणि एकूण जोर १०.७ टनांच्या घरात जातो. हा जोर तळापासून एक तृतीयांश उंचीवर लागतो असे धरल्यास भिंतीला उलटवणारा आघूर्ण, म्हणजे जोर गुणिले त्याची तळापासूनची उंची, ६.४ वरून १४.२ टन-मीटरवर जातो. भिंत तीच, माती तीच. निचरा बंद झाला एवढाच फरक, आणि भार दुपटीहून अधिक. सरकण्याविरुद्ध १.५ आणि उलटण्याविरुद्ध २ हे जे सुरक्षा गुणक आपण साधारणपणे धरतो, ते एवढ्या वाढीपुढे टिकत नाहीत. आपल्या जुन्या भिंतीला पोट येण्यामागे गिलाव्याने बुजलेली भोके हे कारण असण्याचा दाट संभव आहे. दगडी भिंतीचे सांधे मुळात पाणी सोडतात, तीही वाट त्या गिलाव्याने अडली.

केवळ भोके ठेवण्याच्या प्रस्तावाविषयी माझे मत स्पष्ट आहे. मागे गाळणीचा थर नसेल तर ती भोके एक-दोन पावसाळ्यांत मातीने भरतात, आणि भरली नाहीत तर त्यांतून बारीक माती वाहून जाते व भिंतीमागे पोकळी तयार होते. दुसरा प्रकार अधिक वाईट, कारण तो वरची जमीन खचेपर्यंत कळतच नाही. गाळणीचे गणित जुनेच आहे : खडीतील १५ टक्के कण ज्या आकारापेक्षा बारीक असतात तो आकार, मागच्या मातीतील ८५ टक्के कण ज्याहून बारीक असतात त्या आकाराच्या पाचपटीपेक्षा कमी हवा. साध्या २० मिलिमीटरच्या खडीने चिकणमातीसमोर ही अट पाळली जात नाही. म्हणूनच मध्ये जिओटेक्स्टाइल घालावे लागते. अहवालात कापड उगाच आलेले नाही.

पुढच्या अडीच मीटरच्या भिंतीचा प्रश्न वेगळा आहे आणि माझ्या अनुभवात तोच अधिक दुर्लक्षित राहतो. तिच्या माथ्यावरून वाहने जातात. रस्त्याच्या पुलांच्या पद्धतीप्रमाणे वाहनभार १.२ मीटर जाडीच्या मातीइतका धरला, तर अडीच मीटरच्या भिंतीवर केवळ त्या भारामुळे २.२५ टन-मीटर आघूर्ण येतो. स्वतः मातीचा मात्र १.५६ आहे. म्हणजे वाहनभार न धरता आखलेल्या भिंतीवर प्रत्यक्षात जवळपास अडीच पट आघूर्ण येतो. अहवालात या भिंतीची तपासणी सांगितली आहे का, ते कृपया पाहावे. रस्त्याची भिंतीलगतची पट्टी खचली आहे, ती केवळ भराव बसल्यामुळे की भिंत बाहेर झुकल्यामुळे, हे ओळंबा लावून आजच तपासता येईल.

साइट_मुक्काम यांचे उत्तर

वरील विवेचनाशी सहमत आहे. मी रस्त्याबद्दल आणि कामाच्या क्रमाबद्दल लिहितो.

२३० मिलिमीटर सोलिंग ही मुंबईतील सोसायट्यांच्या आवारांत वर्षानुवर्षे चालत आलेली पद्धत आहे. खाली चांगला मुरूम किंवा खडक असेल तर ती चालतेही. आपल्याकडे खाली सव्वा मीटर डेब्रिज आणि त्याखाली फुगणारी माती आहे. महामार्गांच्या सरकारी मानकांत मुक्त फुगवण ५० टक्क्यांहून अधिक असलेली माती भरावात वापरू देत नाहीत, आणि आपली ५८ आहे. अशा ठिकाणी सोलिंगचे दगड पावसाळ्यात खालच्या ओल्या मातीत रुततात, माती दगडांच्या फटींतून वर येते आणि दोन वर्षांनी पेव्हर पुन्हा उचलावे लागतात. डेब्रिज तर काढायलाच हवे, कारण त्यातील प्लास्टिक, लाकूड आणि पोकळ विटा कितीही रोलर फिरवला तरी बसत नाहीत; बसतात ते सावकाश, दर पावसाळ्यात थोडे थोडे.

काटकसर करायचीच असेल तर ती जागेनुसार करावी. संपूर्ण आवाराला ५००, २०० आणि २५० चे थर देण्याची आवश्यकता नाही. अग्निशमन दलाच्या गाडीचा जो मार्ग ना-हरकत पत्राच्या नकाशावर दाखवलेला असतो, तेथे मात्र तडजोड करू नये. पत्रात गाडीचे वजन ४५ ते ४८ टन धरलेले असते आणि आपल्या पत्रातील आकडा पाहूनच रचना करावी. तेथे ८० मिलिमीटरऐवजी १०० मिलिमीटरचे, एम-५० प्रतीचे (अधिक मजबूत काँक्रीटचे) ब्लॉक घ्यावेत किंवा सरळ सांधे कापलेले काँक्रीट करावे. ज्या बाजूला फक्त दुचाकी उभ्या राहतात आणि मुले खेळतात, तेथे ६० मिलिमीटरचे ब्लॉक आणि निम्मे थर पुरेसे आहेत. पदपथाला त्याहूनही कमी चालेल. अहवाल लिहिणाऱ्याने सुरक्षिततेसाठी सर्वत्र एकच छेद, म्हणजे थरांची एकच रचना, दिली असावी. त्याला आवाराचा वापर दाखवून तीन वेगवेगळे छेद मागावेत. या एका पत्रव्यवहारातून जी बचत होईल ती निचरा गाळून होणाऱ्या बचतीपेक्षा कदाचित अधिक असेल.

पेव्हरखाली काय टाकतात तेही डोळ्यांसमोर करून घ्यावे. ब्लॉकखाली सुमारे ३० मिलिमीटर जाडसर, धुतलेली वाळू किंवा धुतलेली क्रश सँड हवी. प्रत्यक्षात सर्रास खाणीची कच पसरली जाते, कारण ती स्वस्त असते आणि पट्टीने ओढायला सोपी जाते. कच पिठासारखी बारीक असते, पाणी धरून ठेवते आणि चाकाच्या प्रत्येक दाबासरशी सांध्यांतून पातळ राखाडी गाळ वर फेकते. आपल्या आवारात पावसानंतर सांध्यांभोवती राखाडी वर्तुळे वाळलेली दिसत असतील तर खाली कच आहे, असे खुशाल समजावे.

क्रमाविषयी एकच महत्त्वाची गोष्ट सांगतो. जुनी भिंत एकदम सलग पाडू देऊ नका. तीन-चार मीटरचे तुकडे आखून एकाआड एक तुकडा पाडावा, तेथील नवा पाया आणि भिंत उभी करावी, काँक्रीटला ताकद येऊ द्यावी आणि मगच शेजारचा तुकडा हाताळावा. यात वेळ जातो. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनला पोहोचतो, आणि वळिवाची एखादी सर त्याआधीही गाठते. म्हणून एप्रिलमध्ये कार्यादेश देऊन हे काम सुरू करणे मला धोक्याचे वाटते. उशीर झाला असेल तर यंदा गिलाव्यातील भोके मोकळी करावीत, पोट आलेल्या भागासमोर कठडा उभारून ये-जा आणि वाहने बंद करावीत, त्या भागाला तात्पुरता आधार द्यावा लागेल का हे संरचना अभियंत्याकडून लेखी घ्यावे आणि मुख्य काम ऑक्टोबरनंतर धरावे.

चेंबूरची_सदनिका यांचे उत्तर

आमच्याकडे अशाच कामात गॅबियन भिंतीचा, म्हणजे तारेच्या पेट्यांत दगड भरून केलेल्या भिंतीचा पर्याय सुचवला गेला होता. तिच्यातून पाणी आपोआप निघून जाते आणि ती स्वस्तही पडते, असे सांगितले गेले. जागा अधिक लागत असल्याने आम्ही तो सोडला. शिवाय पेव्हरची कटकट नको म्हणून आम्ही संपूर्ण आवार ट्रिमिक्स काँक्रीटचे (जादा पाणी शोषून काढून घट्ट केलेल्या सलग काँक्रीटचे) केले. आपण तेच का करत नाही?

पायथ्याशी_भांडुप यांचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ओळंबा लावून पाहिला; पुढची भिंत अडीच मीटरमध्ये वरच्या टोकाला सुमारे ४० मिलिमीटर बाहेर आहे, परंतु ती बांधतानाच तशी होती की नंतर झुकली, हे सांगणारे कोणी उरलेले नाही. अहवालात तिचा उल्लेखच नाही.

आणखी दोन अडचणी आहेत. मागची भिंत आणि इमारत यांमध्ये साडेचार मीटर जागा आहे आणि भिंतीच्या पाठीमागची जमीन आमची नाही. तेथे वस्ती आणि वरच्या बाजूला झाडी आहे. त्यामुळे नव्या भिंतीचा पाया टेकडीच्या बाजूला किती नेता येईल, ही शंका आहे. दुसरे असे की, वरच्या वस्तीतले पावसाचे पाणी एका पायवाटेवरून उतरून आमच्या भिंतीवरून थेट आवारात पडते. ते अडवायचे तर वस्तीत पाणी तुंबेल, आणि घ्यायचे तर आमची सध्याची ३०० मिलिमीटरची वाहिनी पुरेल का? आपले छताचे पाणी भिंतीमागच्या भोकांच्या पाइपातच सोडावे, म्हणजे दुसरी वाहिनी वाचेल, अशीही एक सूचना सभेत आली आहे.

पर्जन्यजल_निवृत्त यांचे उत्तर

शेवटच्या सूचनेपासून आरंभ करतो, कारण ती अमलात आली तर बाकी सर्व खर्च पाण्यात जाईल. भोकांचा पाइप हा भिंतीमागचे पाणी बाहेर काढण्यासाठी असतो. त्यात छताचे पाणी सोडले की मुसळधार पावसात तो पाइप भरून वाहू लागतो आणि त्याच भोकांतून पाणी उलट भरावात शिरते. म्हणजे ज्या वेळी भिंतीमागून पाणी काढायचे, नेमक्या त्याच वेळी आपण ते आत भरत असतो. पृष्ठभागावरचे पाणी आणि मातीतले पाणी यांच्या वाहिन्या शेवटच्या चेंबरपर्यंत स्वतंत्र ठेवाव्यात. आणि त्या चेंबरमध्येही भोकांच्या पाइपाचे तोंड दुसऱ्या वाहिनीच्या वर राहील असे पाहावे.

आता ३०० मिलिमीटरच्या वाहिनीविषयी. मुंबईची जुनी पर्जन्यजल वाहिन्यांची यंत्रणा तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी, तीही ओहोटी असताना, आखलेली होती. पर्जन्यजल वाहिन्या सुधारण्याच्या महापालिकेच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात ती क्षमता तासाला ५० मिलिमीटरवर नेण्याचे ठरले. आपण निदान ५० धरू. आपल्या ३,००० चौरस मीटरच्या बहुतांश फरसबंद आवारातून सेकंदाला सुमारे ३७ लिटर पाणी येईल. वरच्या उतारावरचे किती क्षेत्र आपल्याकडे उतरते ते पायवाटेने वर जाऊन पाहावे लागेल. ते केवळ एक हेक्टर धरले आणि साठ टक्के पाणी वाहून येते असे मानले, तरी तेथून सेकंदाला ८३ लिटर येते. बेरीज १२० लिटर झाली. ३०० मिलिमीटरची काँक्रीट वाहिनी शंभरास एक उताराने, स्वच्छ असताना आणि पूर्ण भरून ९५ लिटरच्या आसपास वाहते, आणि उतार दोनशेस एक असेल तर ७० च्या आत. म्हणजे आपल्या स्वतःच्या पाण्याला ती पुरेशी आहे, टेकडीच्या पाण्याला नाही. तीच वाहिनी ४५० मिलिमीटरची केली तर शंभरास एक उताराने २८० लिटरपर्यंत नेते. व्यास दीडपट केला की क्षमता तिपटीजवळ जाते, आणि खोदाईचा खर्च त्या मानाने फारसा वाढत नाही. जोर येथे लावावा.

वरचे पाणी अडवू नये. ते अडवण्याचा आपल्याला नैतिक अधिकार किती, हा मुद्दा बाजूला ठेवला तरी अडवलेले पाणी जमिनीत मुरून आपल्याच भिंतीमागे येणार आहे. भिंतीच्या माथ्याला लागून काँक्रीटची उघडी चर करावी, पायवाटेचे पाणी तीत घ्यावे आणि भिंतीच्या दोन्ही टोकांना पायऱ्यांच्या नाल्याने खाली उतरवावे. सरळ पन्हळ केली तर पाणी वेगाने येऊन खालचे चेंबर उडवते. पायऱ्यांवर त्याचा वेग मोडतो. प्रत्येक टोकाला गाळ बसण्यासाठी तळ खोल ठेवलेले चेंबर असावे, कारण टेकडीचे पाणी आपल्याबरोबर माती, पाने आणि दुधाच्या पिशव्या आणल्याशिवाय राहत नाही. भरावाच्या माथ्यावर चरेपर्यंत चिकणमातीचा किंवा पीसीसीचा (सळयांविना साध्या काँक्रीटचा) थर देऊन तो बंद करावा, म्हणजे पावसाचे पाणी थेट आत शिरणार नाही.

महापालिकेच्या वाहिनीला जोडण्यापूर्वी तिचा तळ कोणत्या पातळीवर आहे ते विभाग कार्यालयातून घ्यावे. भांडुप पश्चिमेचे पाणी लालबहादूर शास्त्री मार्ग आणि रेल्वे ओलांडून ठाण्याच्या खाडीकडे जाते. मोठ्या भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की खालच्या भागातील वाहिन्या भरलेल्या राहतात. आपण पायथ्याला, म्हणजे तुलनेने उंचावर असल्याने पाणी उलट येण्याचा धोका कमी आहे, पण रस्त्यावरचे चेंबर भरलेले असेल तर आपले पाणी आवारातच थांबेल. ते कोठे थांबावे, हे आपण ठरवलेले बरे. आवाराचा उतार पन्नासास एक ठेवून सर्वात सखल जागा इमारतीच्या आणि दोन्ही भिंतींच्या पायापासून दूर आणावी.

राहिला निष्काळजीपणाच्या परिणामांचा विषय. २ जुलै २०१९ च्या पहाटे मालाड पूर्वेच्या पिंपरीपाड्यात आणि १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूरच्या वाशीनाका परिसरात भिंती कोसळून माणसे गेली. दोन्ही वेळा रात्रभर झोडपणारा पाऊस होता आणि माणसे भिंतीच्या आडोशाला झोपलेली होती. आपल्या भिंतीला पोट आलेले आहे, म्हणून सुरक्षारक्षकाची चौकी किंवा कामगारांची झोपडी तिच्या बाजूला असेल तर ती आजच हलवावी.

नमुना_नळी यांचे उत्तर

ओळंब्याचे ४० मिलिमीटर हे भिंत बांधतानाचे आहेत की नंतरचे, ते वाद घालून कळणार नाही. भिंतीवर तीन ठिकाणी खुणा करून महिन्यातून एकदा आणि पावसाळ्यात दर आठवड्याला मोजमाप घ्यावे, तडे असतील तर त्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवाव्यात. पुढच्या भिंतीची तपासणी अहवालात समाविष्ट करून घेण्यासाठी सल्लागारास लेखी कळवावे. तोपर्यंत भिंतीपासून अडीच मीटरच्या पट्ट्यात पाण्याचे टँकर आणि सामानाचे ट्रक उभे राहू देऊ नयेत.

जागेविषयी : चार मीटरच्या आरसीसी भिंतीच्या पायाची रुंदी उंचीच्या निम्म्यापासून ०.७ पटीपर्यंत, म्हणजे दोन ते पावणेतीन मीटर लागते. तिचा मोठा भाग सामान्यतः मातीच्या बाजूला नेतात, कारण त्यावरच्या मातीचे वजनच भिंतीला खाली धरून ठेवते. पाठीमागची जमीन आपली नसताना आणि वर घरे असताना तेवढी खोदाई करणे मला मान्य नाही. अशा वेळी पाया पुढे, म्हणजे आपल्या बाजूला काढता येतो, परंतु मग मातीच्या वजनाचा लाभ मिळत नाही आणि भिंत खडकाला धरून ठेवावी लागते. आपल्याकडे झिजलेला बेसाल्ट किती खोलीवर आहे ते भिंतीच्या रेषेतील बोअरमध्ये पाहावे. तो दोन-अडीच मीटरवर असेल तर पायातून खडकात सळया रोवून सरकणे आणि उलटणे दोन्ही आवरता येतात. गॅबियनला याहून अधिक जागा लागेल, तेव्हा चेंबूरच्या सभासदांनी तो पर्याय सोडला ते योग्यच केले.

संपूर्ण ट्रिमिक्सच्या सूचनेशी मी अंशतःच सहमत आहे. अग्निशमन मार्गावर काँक्रीट उत्तम. परंतु ज्या भरावाचे बसणे अजून थांबलेले नाही आणि ज्याखालून जलवाहिन्या, मलवाहिन्या व केबल गेल्या आहेत, तेथे काँक्रीटची सलग लादी खालची पोकळी झाकून ठेवते आणि एके दिवशी अचानक मोडते. पेव्हर खचतात तेव्हा निदान दिसतात, आणि उचलून पुन्हा बसवता येतात.

बोअरमधील पाण्याच्या नोंदीबद्दल एक स्वस्त उपाय आहे. काम ऑक्टोबरनंतर जाणार असेल तर भिंतीच्या माथ्याजवळ एक नवा बोअर घेऊन त्यात ५० मिलिमीटरचा चिरा पाडलेला पीव्हीसी पाइप बसवावा, भोवती वाळू भरावी, वरचे तोंड सिमेंटने बंद करून झाकण लावावे. जुलै-ऑगस्टमध्ये दर आठवड्याला फीत सोडून पाणी किती खोलीवर आहे ते वहीत लिहावे. ती वही पुढच्या सभेत ठेवल्यावर निचरा थराविषयीची चर्चा फार वेळ चालणार नाही.

साइट_मुक्काम यांचे उत्तर

कंत्राटाच्या मसुद्यात घालण्यासाठी थोडेसे. भिंत, रस्ता आणि वाहिन्या तीन वेगवेगळ्या ठेकेदारांना देऊ नका; भिंतीचा ठेकेदार भराव कसाही लोटतो, वाहिनीवाला तो पुन्हा खोदतो आणि रस्तेवाला त्यावर ब्लॉक बसवून मोकळा होतो. एकच ठेका आणि एकच देखरेख असावी.

भिंतीमागचा भराव १५० ते २०० मिलिमीटरच्या थरांत घालावा. भिंतीपासून दीड मीटरच्या आत मोठा रोलर आणू देऊ नये, कारण त्याच्या दाबाने नवी भिंतच पुढे ढकलली जाते; तेथे प्लेट कॉम्पॅक्टर वापरावा आणि थर आणखी पातळ ठेवावा. रस्त्याखालच्या मुरमाची घनता प्रयोगशाळेतील जड ठोकणीत मिळणाऱ्या घनतेच्या किमान ९७ टक्के यायला हवी आणि प्रत्येक थराला वाळूच्या पद्धतीने (छोटा खड्डा वाळूने भरून घनता काढून) तपासणी व्हावी. ‘रोलर फिरवला आहे’ हा अहवाल नव्हे. जुन्या उतारावर नवा भराव टाकताना आधी उतारात पायऱ्या कापून घ्याव्यात, नाहीतर सारा भराव जुन्या उतारावरून घसरण्याच्या तयारीत राहतो.

पिंपळाची रोपे भिंतीवर असतानाच तोडून उपयोग नाही, मुळे आत राहिली की फुटतात. भिंत पाडतानाच ती मुळांसह निघतील. वरच्या बाजूला मोठे झाड असेल तर मात्र महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय त्याच्या फांदीलाही हात लावू देऊ नका, काम तेवढ्यावरून थांबते.

देयकाचा एक हप्ता भोकांच्या पाइपाच्या चाचणीशी जोडावा. भराव पूर्ण होण्यापूर्वी वरच्या टोकाच्या चेंबरमधून टँकरने पाणी सोडावे आणि खालच्या टोकाला ते स्वच्छ, अडथळ्याविना येते का ते संस्थेच्या दोन सभासदांनी उभे राहून पाहावे. भराव झाल्यावर हीच चाचणी पुन्हा घ्यावी, कारण पाइप दबून चपटा होतो तो भराव ठोकताना. पाइपाच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये दर पंधरा-वीस मीटरवर सफाईचे तोंड ठेवले आहे का, हे नकाशावर नव्हे, जागेवर मोजून घ्यावे. पहिल्या अंदाजपत्रकातही ती तोंडे दिसत नाहीत, तेव्हा दर ठरवण्याआधीच ती वाढवून घ्यावीत.